थोरवे बाईंची पूररेषा

जुन्नर तालुक्यात नदीकाठी घर बांधायचं मनात आलं की माणूस तीन ठिकाणी जातो. आधी ओझरच्या गणपतीला, मग माझ्याकडे नकाशा काढून घ्यायला, आणि शेवटी थोरवे बाईंकडे. पहिल्या दोन ठिकाणी कुणाला नाही म्हणत नाहीत. गणपतीचं कारण मला माहीत नाही, माझं मात्र पोटच त्यावर चालतं. बाईंकडे गेलेला माणूस बहुतेक वेळा मान खाली घालून परत यायचा, आणि येताना वाटेत माझ्याच नावानं खडे फोडायचा. असं असूनही या बाईंबद्दल मला जेवढी माया वाटते तेवढी माझ्या एकाही गिऱ्हाइकाबद्दल वाटलेली नाही.

नियम थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे बाई कळतील. नदीच्या दोन्ही अंगांना सरकारनं दोन रेषा आखल्या आहेत, एक निळी आणि एक लाल. निळीच्या आत, म्हणजे पाण्याच्या बाजूला, घर बांधायचं नाही. निळी आणि लाल यांच्यामधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण घराचं जोतं पुराच्या पातळीच्या वर उचलावं लागतं. लालच्या पलीकडे तुम्ही आणि तुमचं नशीब. रेषाच चुकली आहे असं ज्याला वाटतं त्यानं अपील करायचं. रेषा बरोबर पण जागाच अडचणीची, असं असेल त्यानं एखादी अट शिथिल करून मागायची. असले सगळे कागद फिरत फिरत बाईंच्या टेबलावर यायचे. हुकूम वरून निघायचा, पण जागेवर जाऊन पाहणी करायची आणि शेरा लिहायचा तो बाईंनी. त्यांचा शेरा वरच्यांनी बदलला असं माझ्या पाहण्यात नाही.

बाई बुटक्या, अंगानं भरलेल्या, आणि हातात कायम पुरुषी काळी छत्री. उन्हाळ्यातही छत्री. पर्समध्ये भाजलेले शेंगदाणे. खात्यात इंजिनियर होत्या, पण बोलणं शेवटपर्यंत गावचंच राहिलं. वरचे साहेब आले की तेवढं पुस्तकी बोलायच्या आणि साहेबांची गाडी वळणापलीकडे गेली की सुटकेचा श्वास टाकून पुन्हा आपल्या बोलीत यायच्या. मूळच्या आंबेगावच्या, म्हणजे जुन्या आंबेगावच्या. ते गाव डिंभ्याच्या धरणात गेलं. हे सांगताना त्यांचा आवाज वगैरे कापत नसे. "आमच्या माजघरात आता मासं ऱ्हात्यात," असं म्हणून त्या तोंडात शेंगदाणे टाकायच्या. "त्येंनी कुनाची परवानगी घेतली व्हती का, सांगा."

पाहणीला गेल्या की बाई आधी प्लॉट बघायच्या नाहीत. चपला काढून, पदर खोचून थेट नदीत जायच्या, घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहायच्या आणि तिथून वर बघायच्या. आम्ही सगळे काठावर खोळंबलेले. मालक अस्वस्थ, त्याच्या हातात चहाचा थर्मास, आणि या बाई पाण्यात उभ्या राहून स्वतःशी काहीतरी गुणगुणतायत. एकदा मी न राहवून विचारलं की बाई, तिथं उभं राहून काय दिसतं? म्हणाल्या, "तुमी घरातनं नदी बघता. मी नदीतनं घर बघते. आता या घराकडनं दोन जन माझ्याशी भांडायला आल्यात, तुमी आनि त्ये मालक. तिच्या वतीनं कोन आलंय? तिला काय अपील करता येतंय व्हय."

थर्मासमधला चहा त्या नक्की प्यायच्या. याचा लोकांना फार धक्का बसायचा. आपल्याकडे अशी समजूत आहे की साहेब चहाला नाही म्हणाला की काम अवघड आणि चहा घेतला की काम निम्मं झालं. बाई चहा घ्यायच्या, वर चांगला झालाय म्हणायच्या, सुनेचं नाव विचारायच्या, बशी पुसून परत द्यायच्या आणि मग शांतपणे नाही म्हणायच्या. डिंगोऱ्याचा एक बागायतदार माझ्याजवळ अक्षरशः तक्रार घेऊन आला होता, की दोन कप प्याल्या राव, आणि तरीही.

माणसांच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. माणसांच्या म्हणजे पुरुषांच्या. त्याला कारणही होतं. आमच्याकडे प्रत्येक पुराची दोन मापं असतात. भरपाईचा पंचनामा चालू असेल तेव्हा पाणी छातीला लागलेलं असतं, आणि बांधकामाची परवानगी मागायची असेल तेव्हा तेच पाणी पायाचा अंगठा भिजवून परत गेलेलं असतं. कुकडीकाठच्या एका दाजींनी बाईंसमोर असं अंगठ्याचं पाणी सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. आत दाजींची म्हातारी आई लसूण सोलत बसली होती. बाई तिच्याशेजारी बसल्या, दोन पाकळ्या सोलल्या आणि विचारलं, "मावशी, पानी आलं तवा चूल कुठं मांडली व्हती?"

म्हातारी म्हणाली, "कुठली चूल न् काय. माळ्यावर बसून चुरमुरं खाल्लं आमी."

बाई बाहेर आल्या. दाजी माझ्याकडे बघायला लागले आणि मी लेण्याद्रीच्या डोंगराकडे. चुलीचा हा प्रश्न त्या सगळीकडे विचारायच्या. पाणी कुठवर आलं हे पुरुष सोयीनं विसरतो, पण भर पावसात पेटती चूल उचलून कुठं नेली हे बाई जन्मात विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या उत्तरावर त्या पुढे उंची मोजायचं लेव्हल मशीन लावून, पट्टी धरून खातरजमा करायच्याच, पण सुरुवात चुलीपासून.

यावरून बाई नुसत्या नन्नाचा पाढा होत्या असं वाटेल. तसं नव्हतं. नारायणगावकडच्या एका माणसाला नदीकाठी मंगल कार्यालय बांधायचं होतं आणि जागा चक्क निळ्या रेषेच्या आत. त्याचं अपील मीच लिहिलं होतं, आणि मुद्दा त्याचा स्वतःचा होता. पूर येतो पावसाळ्यात, आणि चातुर्मासात लग्नं नसतात. म्हणजे पूर येईल तेव्हा हॉल रिकामाच असणार, मग कुणाच्या जिवाला धोका कसला? मला लिहितानाच हसू येत होतं. बाई मात्र हसल्या नाहीत. खरं तर हसल्या, पण नंतर. आधी नदीत जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ विचार केला.

"मुद्दा चांगलाय," त्या वर येऊन म्हणाल्या. "मानसं बुडायची न्हाईत, खरं हाय. पर तुमी भिंत बांधनार. भिंतीला धडकून पानी पलीकडच्या काठाला जानार, आनि तिकडं ज्येंची वस्ती हाय त्ये काय चातुर्मासात घर सोडून जात न्हाईत. मंडप घाला. लॉन करा, फुलं लावा. मंडप नदी घिऊन गेली तर न्हेऊ द्या, भिंत मातर न्हाई." तो माणूस आधी खट्टू झाला. आज त्याच्या लॉनवर तारीख मिळायची मारामार आहे, आणि नदीकाठच्या मोकळ्या हवेतलं लग्न ही कल्पना आपलीच होती असं तो सांगतो.

आता भागूबाईंची गोष्ट सांगतो. पुष्पावतीच्या काठी एक वाडी आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना ते आवडणार नाही. भागूबाईंचं मातीचं घर तिथं होतं. ते पुरानं नव्हे, वयानं पडलं. तेव्हापासून भागूबाई, त्यांचा लेक सोपान आणि सून सोपानाच्या चुलतभावाच्या जागेत पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. त्या भावाच्या पोराचं लग्न ठरलं आणि त्यानं, भांडण न करता पण स्पष्ट, सांगितलं की दिवाळीनंतर जागा मोकळी करा. सोपानाला दुसरी जागा नव्हती. जुन्या घराचा प्लॉट तेवढा होता, वरच्या अंगाला रस्ता आणि खालच्या अंगाला उतार थेट नदीपर्यंत. त्या प्लॉटवर घर झालं नाही तर वाडी सोडून मजुरीला कुठंतरी भाड्यानं राहायचं, एवढंच त्यांच्यापुढं होतं. आणि निळी रेषा नेमकी प्लॉटच्या वरून, रस्त्याला चिकटून गेलेली. अख्खा प्लॉट आत.

पहिलं अपील मी ऑफिसात बसून झोकदार भाषेत लिहिलं आणि ते पाहणीआधीच तेवढ्याच झोकात फेटाळलं गेलं. दुसऱ्या वेळी बाई स्वतः पाहणीला आल्या. नदीत उभ्या राहिल्या, चहा प्याल्या, आणि जमलेल्या लोकांना विचारलं की थोरल्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. सगळ्या वाडीचं एकच उत्तर. "देवीपर्यंत." रेषा आखणारे आले तेव्हाही वाडीनं हेच सांगितलं होतं. आणि देवी, म्हणजे नदीच्या देवीचा तांदळा, शेंदूर लावलेला बिनचेहऱ्याचा दगड, रस्त्याच्या कडेला छोट्या सिमेंटच्या देवळात बसलेली. पाणी देवीपर्यंत आलं तर प्लॉट बुडालेलाच. मी नकाशा गुंडाळायला लागलो. सोपान देवळाच्या पायरीवर जाऊन बसला.

बाईंनी सवयीनं भागूबाईंना चुलीचं विचारलं.

"चूल?" भागूबाई म्हणाल्या. "चूल हितंच व्हती." आणि पडक्या घराच्या दगडी पायाकडं बोट केलं. "हलवलीच न्हाई. पिठलं टाकलं व्हतं म्या त्या दिशी, आळीतली समदी हितं जेवली."

"आनि पानी?"

"पानी देवीपर्यंत. म्या सोता ओटी भरलीय नदीची." त्या भागात पूर चढला की बायका पाण्याच्या कडेला जाऊन नदीची खणानारळानं ओटी भरतात आणि तिला परत जायला विनवतात.

चूल खाली, देवी वर, पाणी देवीपर्यंत आणि चूल कोरडी. बाईंनी छत्री टेकून एकदा देवळाकडं बघितलं, एकदा पायाकडं. "मावशी, देवी पयल्यापासनं हितंच हाय का?"

 एका म्हाताऱ्यानं ढगांकडं बघितलं, जणू उत्तर आता तिथूनच खाली पडणार होतं. सोपानानं तोंड उघडलं तशी भागूबाई नुसतं "सोपाना" म्हणाल्या, आणि त्यानं ते मिटलं.

मी त्याला बाजूला घेतलं. मला राग आला होता. घर हाताशी आलेलं दिसत असताना हे लोक तोंडाला कुलूप लावून बसले होते. मग त्यानं हळू आवाजात सांगितलं. देवी पूर्वी खाली होती, नदीच्या जवळ. पुढे, त्या पुरानंतर, बंधारा झाला, तिच्या खालच्या उतारापर्यंत बारमाही पाणी साठायला लागलं, म्हणून वाडीनं वाजतगाजत तिला वर आणून बसवलं. तेव्हा सगळ्यांनी मिळून शपथ घेतली की जुनी जागा कुणाला कधी दाखवायची नाही. बोट दाखवलं की देवीचं मन तिकडं ओढ घेतं, आणि ती गेली की वाडी उघडी पडते. पोराबाळांनासुद्धा जागा माहीत नाही, थोरांना माहीत आहे ते बोलत नाहीत. रेषावाल्यांनी विचारलं तेव्हा वाडी खोटं बोललीच नव्हती. पाणी देवीपर्यंत आलं होतं, हे खरंच. तेव्हा देवी कुठं होती हे कुणी विचारलं नाही.

"मग आता सांग की," मी म्हणालो.

"आय म्हनती, घर न्हाई झालं तरी चालंल, पर बोट दावायचं न्हाई."

मी जाऊन बाईंच्या कानावर हे घातलं. म्हटलं, सोपानाला जागा माहीत असणार, तुम्ही दटावलंत तर सांगेल. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझ्या नकाशांची लाज वाटावी. "लेकानं आयची शप्पत मोडायची, आनि मी त्यावर शेरा लिवायचा? असल्या घरात म्हातारी एक दिवस तरी सुखानं जेवंल का?"

मग त्या ओट्यावर बायकांच्या घोळक्यात जाऊन बसल्या. पर्समधले शेंगदाणे सगळ्यांत वाटले. देवीचा विषयच काढला नाही. म्हणाल्या, "त्या दिशी ओटी भरायला निघालात, तवा पाऊस व्हता का?"

झालं. बायकांना तेवढंच पाहिजे होतं. पाऊस तर नुसता झोडपत होता. कोण पुढं होतं, कुणाच्या डोक्यावर पोतं, कुणाच्या हातातलं ताट वाऱ्यानं उडालं. बाई म्हणाल्या, "कुठनं निघालात? मला दावा की कशा गेलात." आणि उठल्या. बायकाही उठल्या आणि बोलत बोलत उतार उतरायला लागल्या. भागूबाई पुढं. इथं चिखल होता, इथं धोंडाई घसरली, तिला उचलताना सगळ्या हसल्या, भर पुरात हसल्या म्हणून सासू रागावली. इथं लिंबाची फांदी पडलेली. इथून पाण्याचा आवाज असा, की शेजारणीचं बोलणं ऐकू येईना. माझी वही तशीच राहिली, मी ऐकतच होतो. पडका पाया केव्हाच वर राहिला होता. आणखी खाली, उंबराच्या अलीकडं आल्यावर भागूबाई बोलता बोलता थांबल्या. मागच्याही थांबल्या. सगळ्या देवळापुढं करतात तसे पदर सारखे करायला लागल्या.

बाई त्यांच्याबरोबर तिथंच उभ्या राहिल्या. पुढं काही विचारलं नाही. पट्टी धरणारा माणूस धावत आला आणि त्यांच्या पायाशी पट्टी रोवायला लागला, तर त्याला म्हणाल्या, "हितं नको. त्या पलीकडच्या बांधावर जा, याच पातळीत धर. पानी समदीकडं सारख्याच उंचीवर थांबतंय. हितं कशाला काठी रोवायची?" आणि लेव्हलचं वाचन दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर घेतलं. कुणी बोट दाखवलं नाही, कुणाची शपथ मोडली नाही. भागूबाईंना ते कळलं. वर चढताना त्यांनी बाईंचा हात धरला. आणि मी, जो इतकी वर्षं या बाईंना अडथळा समजत आलो होतो, त्या उतारावर उभा राहून मनोमन त्यांना नमस्कार केला.

तरी बाईंनी सढळ हातानं काही दिलं नाही. आजूबाजूच्या आणखी घरांतल्या चुली विचारून, मोजून, रेषा खाली सरकवायची शिफारस केली. पण प्लॉटचा खालचा भाग निळीच्या आत राहिला तो राहिलाच. वरचा तुकडा दोन रेषांच्या मध्ये आला. तेवढ्यात घर बसवायचं तर रस्त्यापासून सोडायच्या अंतराची अट आड येत होती, ती शिथिल करा म्हणून त्यांनी स्वतः लिहिलं. आणि जोतं एवढं उंच सांगितलं की भागूबाईंनी कपाळाला हात लावला. "येवढ्या पायऱ्या? माझं गुडघं बघा बाय."

"गुडघ्याला त्याल लावा," बाई म्हणाल्या. "जोतं एक इंच कमी व्हनार न्हाई."

परवानगी आली. दिवाळीला थोडा अवकाश असताना घर उभं राहिलं. वाडीतले लोक त्या घराला अजून माडी म्हणतात, माळ्याशिवायची माडी.

पुढं बाई निवृत्त झाल्या. आता आरामात असतील असं मला वाटत होतं. मग एका पावसाळ्यात तीन दिवस संततधार लागली, वरच्या धरणातून पाणी सोडलं, आणि सकाळीच बाईंचा फोन. "नकाशेवालं, गाडी काढा." कुठं जायचं ते मी विचारलं नाही. वाटेत शेंगदाणे तसेच पर्समध्ये. डिंगोरं मागं पडल्यावर एवढंच म्हणाल्या, "न्हाई म्हनलं की त्या घरात कुनी बुडत न्हाई. मी हो म्हनलंय, राव."

वाडीत पोचलो तेव्हा नदी ओळखू येत नव्हती. बंधारा दिसत नव्हता, उंबर अर्धा पाण्यात. सोपानाच्या प्लॉटचा खालचा भाग गेलेला आणि पाणी हळूहळू वर सरकत होतं. भागूबाई उंच ओट्यावर मांडी घालून तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "या वर. पायऱ्या लई हायेत, सावकाश या."

बाई वर आल्या, पण बसल्या नाहीत. छत्री मिटून खांबाला धरून पाण्याकडं बघत राहिल्या. सुनेनं जेवायला वाढलं तर दोन घास खाल्ले आणि परत खांबाशी. पाणी खालच्या पायरीला लागलं तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडलेले मी पाहिले. त्या क्षणी मला त्यांची फार काळजी वाटली, घराची नव्हे. पाणी तिथंच बराच वेळ घुटमळलं, मग पायरीवर गाळाची एक ओली पट्टी दिसायला लागली. पाणी उतरत होतं. भागूबाईंनी निवडलेले तांदूळ बाजूला ठेवले, उठल्या आणि बाईंच्या हातातली छत्री काढून घेतली.

"आता आत जाऊन पड, बाय. मी बघते पान्याकडं."

बाई आत गेल्या. थोड्या वेळानं मी डोकावलो, तर जमिनीवर घोंगडीवर, हाताची उशी करून, तोंड उघडं टाकून त्या गाढ झोपल्या होत्या. घोरत होत्या. पुढं त्या लेकाकडं संगमनेरला राहायला गेल्या, त्यामुळं मला दिसल्या त्या शेवटच्या अशा. निघायची वेळ झाली होती, पण मला त्यांना उठवावंसं वाटलं नाही. भागूबाईंनी दार हळूच लोटून घेतलं, आणि आम्ही दोघं ओट्यावर बसून नदी खाली जाताना बघत राहिलो.